डावी बाजू

वाशीम नगरीची दोन भागांत वाटणी झाली होती. ती कोणत्याही शासकीय नकाशावर नव्हती. दोन पोलिसांनी आपापसांत केलेली ती वाटणी होती. त्यांच्या दिवसपाळीच्या गस्तीचा मार्ग प्रदक्षिणेसारखा होता. पाटणी चौकातून निघायचे, बालाजीच्या देवळावरून पद्मतीर्थाच्या काठाने पुढे जायचे, स्टेशनाला वळसा घालून पुन्हा चौकात यायचे. उलट्या दिशेने कधीही जायचे नाही. या मार्गाची उजवी बाजू हवालदार देवमन इंगोले याची आणि डावी बाजू हवालदार इस्माईल शेख याची. देवमन मोटारसायकल चालवी, इस्माईल मागे बसे. चालवणाऱ्याने उजवीकडे पाहावे, मागच्याने डावीकडे. दुसऱ्याच्या बाजूस मान वळवू नये, कारण दोघेही एकीकडेच पाहू लागले तर दुसरीकडचे गाव पोरके होते, असा त्यांचा नियम होता. हा नियम त्यांनी इतकी वर्षे पाळला की आपल्याच मार्गाच्या डाव्या हाताला कोणती दुकाने आहेत हे देवमनला केवळ पायी बाजाराला गेल्यावर कळे, आणि दर वेळी त्याला नवल वाटे.

प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो. त्यामुळे देऊळ, तीर्थ, घाट हे सारे देवमनच्या वाट्याला आले होते आणि बाहेरच्या अंगाची टपऱ्या-दुकानांची ओळ इस्माईलच्या.

"देव तुह्याकडं, माणसं माह्याकडं," इस्माईल म्हणे. "हिशेब बरोबर हाय. तुले सांभाळाले देव लागते."

इस्माईलला गप्प बसणे ठाऊक नव्हते. मागच्या आसनावरून तो सारा वेळ आवाज देत असे. कोणाला राम राम, कोणाला सलाम, कोणाची नुसतीच थट्टा. त्याचा तो आवाज देवमनच्या डाव्या कानामागून अखंड झरत राही. अधूनमधून पाठीवर थाप पडे. थाप पडली की गाडी थांबवायची. मग इस्माईल उतरून कोणाच्या तरी टपरीत डोकावून येई. देवमन कधी कधी त्रासून म्हणे, "अरे, तोंड बंद ठेव, डोळे उघडे ठेव. गस्त हाय ही, का भवानीचा गोंधळ?"

आता त्या कानामागे वारा होता.

गेल्या पावसाळ्याआधी इस्माईलची बदली शिरपूरला झाली. कशी झाली, का झाली, हे त्याने सांगितले नाही. "वरून आली असंल," एवढेच तो म्हणाला आणि बिऱ्हाडाच्या टेम्पोत चढला. त्याच्या जागी अंजू नावाची तरुण शिपाई आली. देवमनचा गुडघा कुरकुरू लागला होता, म्हणून गाडी ती चालवी आणि तो मागे बसे. नियम मात्र त्याने पहिल्याच दिवशी तिला घालून दिला.

"चालवणाऱ्यानं उजवीकडं पाहायचं."

"अन् तुमी, काका?"

"मी डावीकडं."

हे सांगताना आपण काय बोलत आहोत हे त्याला पुरते उमगले नव्हते.

देवमनची पत्नी वारून बरीच वर्षे झाली होती. मुलगा नाशकात नोकरीला होता. इस्माईल वाशीमला असेतोवर देवमनची संध्याकाळ ठरलेली असे. पाळी संपली की तो इस्माईलच्या घरी जाई. तेथे दूरचित्रवाणीवर 'चाक आणि चौक' ही मालिका लागे. रणदिवे आणि मोहिते असे महानगरातल्या गस्तीचे दोन पोलीस तीत होते. चोर-दरोडेखोर तीत बेताचेच. त्या दोघांची घरची दुखणी, रुसवेफुगवे आणि गाडीत बसून केलेल्या गप्पा मात्र पुष्कळ. इस्माईलची पत्नी नजमुन्निसा चहा आणून ठेवी आणि दोघे हवालदार त्या मालिकेची शल्यक्रिया आरंभीत.

"पाह्य, पाह्य," इस्माईल म्हणे. "दिवसभर दहा गल्ल्या फिरले, पण एका माणसाले सलाम नाही, राम राम नाही. हे गस्त घालून राह्यले का हवा खाऊन राह्यले?"

"त्याइले तुह्यावानी तोंड नाही दिलं देवानं."

"भाऊ, घरात बी तेच हाय," नजमुन्निसा आतून म्हणे. "मी चुलीपाशी असली तरी याइचा आवाज चालूच. कुठं हायस, काय करून राह्यली. जसं काही मी पळून चालली."

तिघेही हसत.

बदलीनंतर दोघांनी एक नवा पायंडा पाडला. इकडे देवमन आपल्या घरी, तिकडे इस्माईल शिरपुरात, दोघेही मालिका लावून बसत, आणि जाहिराती लागल्या की फोन करीत. जाहिराती संपल्या की बोलणे अर्ध्यावर तोडून फोन ठेवायचा. प्रारंभी प्रत्येक जाहिरातीला घंटी वाजे. पुढे एका भागात एकदा, मग आठवड्यात एकदा. हल्ली देवमन जाहिराती लागल्या की फोन मांडीवर घेऊन बसे, साबणाची, सिमेंटची, खताची जाहिरात भक्तिभावाने पाही आणि मालिका पुन्हा सुरू झाली की फोन बाजूला ठेवी. आपण होऊन फोन करावा असे त्याला वाटे; पण ज्याला बोलायचे असेल तो बोलेल, असा एक मानी हट्ट त्याच्या मनाने धरला होता.

अशात वैशाख तापला.

एका दुपारी ऊन इतके होते की रस्त्याचे डांबर चाकाला ओढत होते. गाडी पद्मतीर्थाच्या काठाने निघाली. तेथे डाव्या हाताला, भिंतीच्या सावलीत, सोजरबाई नावाची वृद्धा बालाजीसाठी तुळशीच्या माळा विकीत बसे. त्या दुपारी सावली सरकून गेली होती आणि तिला उठून जागा बदलता आली नव्हती. ऊन लागून ती टोपलीवर कलली. तिने गाडी पाहून हात वर केला. अंजू नियमाप्रमाणे उजवीकडे पाहत होती. आणि देवमन? त्याची मान, इतक्या वर्षांच्या अभ्यासाने, आपोआप उजवीकडेच वळलेली होती. बालाजीच्या कळसाला त्याने हात जोडले. गाडी निघून गेली.

थोड्या वेळाने चहावाल्या बाबूलालने तिला पाहिले आणि ऑटोत घालून रुग्णालयात नेले, म्हणून ती वाचली.

दुसऱ्या दिवशी देवमन तिला पाहायला गेला. म्हातारी खाटेवर बसून सलाईनच्या बाटलीकडे संशयाने पाहत होती.

"आले का, जमादार?" ती म्हणाली. "काल तं तुमची गाडी माह्या बाजूनंच गेली. मी हात केला. तुमी बालाजीकडं पाहत गेले."

"मावशी, ध्यान नव्हतं माहं."

"तुमचं ध्यान देवाकडं होतं, त्याले मी काय बोलू? पण इस्माईल असता तं गाडी थांबली असती. आवाज देल्याबिगर जात नव्हता तो."

तिच्या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते देवमनला अधिक लागले. रुग्णालयाच्या पायऱ्या उतरताना त्याने जाणूनबुजून मान डावीकडे वळवली. मान वळली, पण मन वळेना. तिकडे पाहणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणे, असे त्याला वाटले. ती बाजू इस्माईलची होती. ती त्यालाच परत मिळायला हवी होती. तेथेच त्याचा निश्चय झाला: इस्माईलला परत आणायचे. आपली निवृत्ती होईपर्यंत तरी.

तो ठाणेदार दौलतसिंग ठाकूर यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. ठाणेदार मनाने मोकळे गृहस्थ होते.

"इंगोले, बदल्यांचा मोसम आहे, जागाही आहे. पण शेखची बदली कोणी केली, असं तुम्हाला वाटतं?"

"वरून आली म्हणाला, साहेब."

"वरून कसली? त्यानं स्वतः मागितली. यायचं असेल तर त्यानंच मागायला हवं, आणि तेही याच आठवड्यात. नंतर वर्षभर काही हलणार नाही."

देवमनने सॅल्यूट ठोकला आणि तो बाहेर आला. त्याला एकदम तहान लागली. स्वतः मागितली! मग आपले काय चुकले? कोणता शब्द जास्त गेला? रांजणापाशी उभे राहून त्याने सगळे जुने बोलणे आठवून पाहिले, आणि थट्टेशिवाय त्यात काही सापडेना. थट्टाच लागली असेल काय?

साप्ताहिक सुटीच्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने तो शिरपूरला निघाला. योगायोग असा की त्याच संध्याकाळी 'चाक आणि चौक'चा अखेरचा भाग होता. खिडकी मिळाली तीही डावीकडची. नांगरून पडलेली काळी राने, झाडाखाली गुरे, पुलाच्या कठड्यावर बसलेली माणसे, असे कितीतरी त्याच्या डोळ्यांपुढून सरकत गेले, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटले की हे आपण नाही, इस्माईलने पाहायला हवे.

शिरपुरात यात्रेकरूंची वर्दळ होती. जैन मंदिराच्या पुढच्या गल्लीत इस्माईलचे भाड्याचे घर होते. दार उघडे होते. इस्माईल बाजेवर समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. देवमन दारात येऊन उभा राहिला, गंमत म्हणून बोलला नाही. इस्माईलनेही पाहिले नाही. मग देवमनने चपला काढल्या.

"देवमन!" इस्माईल ओरडला, आणि नंतर त्याने सगळे अंग वळवून दाराकडे पाहिले. "अरे लेका, चपला फरफटवल्याबिगर तुले चालता येत नाही. नजमुन्निसा, पाह्य कोण आलं! वाशीमची उजवी बाजू आली!"

मिठी झाली. नजमुन्निसाने डोळ्यांना पदर लावला आणि लागलीच टोमणा मारला, "भाऊ, वाट चुकले का? का एस.टी.नं फुकटात आणून सोडलं?"

"भाभी, चहाची आठवण आली."

"चहाची आली, आमची नाही आली."

देवमनला बदलीचे विचारायचे होते, पण मालिका सुरू झाली. दोघे पूर्वीसारखे शेजारी बसले. नजमुन्निसा चहा घेऊन आली तेव्हा देवमनने उठून तिच्या हातातले कप घेतले आणि जुन्या सवयीने एक इस्माईलच्या कोपराशी, डावीकडे, स्टुलावर ठेवला. "चहा घे," तो म्हणाला. इस्माईलने पडद्यावरची नजर न काढता हात लांबवला. हात कपावर आदळला, कप फरशीवर पडून फुटला.

"भाभी, माहंच चुकलं," देवमन म्हणाला.

नजमुन्निसा खाली वाकली. तिने काचा उचलल्या, दुसरा कप भरून आणला, तो इस्माईलच्या अगदी समोर धरला आणि बशीवर नखाने टिचकी वाजवली. त्या आवाजाच्या रोखाने इस्माईलचा हात नेमका आला.

देवमनने ते पाहिले. दारात आपण उभे असताना न वळलेली मान त्याला आठवली. पडद्यावर काय चालले आहे ते त्याला पुढे दिसेना. तेथे बदली होऊन गेलेला मोहिते परत आला होता. रणदिवे त्याच्या गळ्यात हार घालीत होता. वाद्ये वाजत होती. मग दोघे गाडीत बसून समुद्राच्या काठाने निघून गेले आणि मालिका संपली.

"झालं," इस्माईल म्हणाला. "शेवटपावतर कोणाले राम राम नाही केला."

देवमनने दूरचित्रवाणी बंद केली.

"कधीपासून?"

"कायचं कधीपासून?"

"इस्माईल, मी बी पोलीस हाओ."

नजमुन्निसा आत निघून गेली.

"इथं येण्याआधी दोनएक सालं," इस्माईल म्हणाला. "काचबिंदू म्हणते डॉक्टर. समोरचं साफ दिसते, तुह्या नाकावरचा मस सुद्धा. कडा तेवढ्या गेल्या. नळीतून पाह्यल्यावानी. औषध चालू हाय, आहे तेवढं टिकंल म्हणते. इथल्या साहेबाले सांगतलं, ठाण्यात बसून काम देते तो."

"अन् डावी बाजू? दोन सालं?"

"आवाज देत होतो ना मी. हसनैन ओ देते, लिलाबाई ओ देते, सोजरबाई शिवी देते. ज्याची ओ नाही आली, तिथं तुह्या पाठीवर थाप."

देवमनला त्या सगळ्या थापा एकदम पाठीवर जाणवल्या. बाबूलाल तापाने टपरीत पडला होता, ती थाप. लिलाबाईच्या दुकानात साप निघाला होता, ती थाप. आणि त्या दोन वर्षांत, तोंड बंद ठेव, डोळे उघडे ठेव, हे आपण किती वेळा म्हणालो, ते त्याला मोजवेना.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू मले मागच्या सीटवरून उतरू देलं नसतं. दोन्हीकडं पाहत गाडी चालवली असती अन् दोघाइले पद्मतीर्थात घातलं असतं. तुले पोहता येत नाही."

देवमन हसला नाही. सोजरबाईची गोष्ट त्याने सांगितली. आपले हात कळसाकडे जोडले गेले होते, तेही सांगितले. इस्माईलचा चेहरा उतरला.

"जित्ती हाय ना?"

"हाय. मले बोलली. तू असता तं गाडी थांबली असती म्हणे."

इस्माईलने हातातला कप चाचपत स्टुलावर ठेवला.

"याच आठवड्यात मागता येते," देवमन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "ठाणेदाराले भेटून आलो. मागं बस, आवाज दे. दिसलं नाही तरी चालंल मले. एकच साल राह्यलं यार माहं."

"तुले चालंल, देवमन. गावाले कसं चालंल? ओ देणारा माणूस आवाजाच्या पल्ल्यात असते. रस्त्यावर लेकरू आडवं धावलं, ते थोडी ओ देते?" तो थांबला. "मी रोज संध्याकाळी फोन हातात घेतो अन् ठेवतो. तुह्याशी बोललो की मले पुन्हा मागं बसावं वाटते. मंग अर्ज लिहून टाकीन, भेव वाटते."

ज्या फोनची देवमन वाट पाहत बसे, तो फोन तिकडेही कोणी हातात धरून बसत होता, हे ऐकून त्याला सुख झाले आणि त्या सुखाचेच दुःख झाले. इस्माईल येणार नव्हता. येऊ नये हेच योग्य होते. जे योग्य आहे त्याने मनाचे समाधान होतेच असे नाही.

मग इस्माईलने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"थांब इथंच रातभर. अन् कान दे. डावी बाजू घे माह्याकडून."

पूर्वी गुरू शिष्याला संथा देत, तशी ती संथा झाली. इस्माईल डोळे मिटून पाटणी चौकातून निघाला. पहिला हसनैन, पंक्चरवाला. त्याला सलाम घालायचा, पण उधारीवरून चिडवायचे नाही. मग लिलाबाई, तिला भाव विचारायचा, ती भांडते, भांडली की बरी आहे. मग चहावाला बाबूलाल. मग सोजरबाई, तिला म्हातारे म्हणायचे, मावशी म्हटलेले तिला आवडत नाही. इस्माईल म्हणे आणि देवमन मागून म्हणे. चुकला की इस्माईल पुन्हा चौकापासून सुरू करी. आतून नजमुन्निसा म्हणाली, "शाळेत एवढं केलं असतं तं दोघं बी साहेब झाले असते."

काही दिवसांनी सोजरबाई आपल्या जागी परत येऊन बसली, आणि त्या सकाळी गस्त निघताना देवमनने इस्माईलला फोन लावला व तो सुरूच ठेवून सदऱ्याच्या डाव्या खिशात घातला.

"काका, ड्युटीवर मोबाईल?" अंजूने आरशातून पाहिले.

"बोलत नाही मी. ऐकवून राह्यलो. तू उजवीकडं पाह्य."

पाटणी चौक मागे पडला. देवमनने घसा खाकरला. आयुष्यभर ज्या माणसाने आरोपींशिवाय कोणाला मोठ्याने हाक मारली नव्हती, त्याने डावीकडे तोंड वळवून आवाज दिला, "हसनैन, सलाम!"

गाडी पुढे गेली. खिशातून शिरपूर बोलले, "ओ नाही आली. थांब."

"अंजू, थांबव!"

तो गुडघा सांभाळत उतरला आणि लंगडत मागे गेला. हसनैन पंक्चरच्या दुकानात उकिडवा बसला होता. दातांत व्हॉल्व्हचे टोपण धरले होते, दोन्ही हात ट्यूबमध्ये गुंतले होते. त्याने डोळे वटारून भुवया उडवल्या.

"तोंडात टोपण हाय त्याच्या," देवमनने खिशाला सांगितले.

खिसा खदखदून हसला. "त्याले म्हण, पुढच्या वेळी टोपण गिळून ओ देत जाय!"

हसनैनने टोपण काढले. "इस्माईल चाचा?" तो खिशाकडे पाहून म्हणाला, आणि काळ्या हातानेच त्याने खिशाला सलाम केला.

गाडी पुन्हा निघाली. लिलाबाई भांडली. बाबूलालने पळी उंचावून ओ दिली. बालाजीचा कळस उजवीकडे आला. देवमनने तिकडे पाहिले नाही, देवाने तेवढे समजून घ्यावे. पद्मतीर्थाच्या काठी भिंतीच्या सावलीत टोपली दिसली, तशी त्याने गाडी थांबवायला लावली.

"राम राम, म्हातारे!"

सोजरबाईने मान वर केली. बोलणारा कोण आहे हे डोळ्यांवर हात धरून तिने नीट पाहिले.

"राम राम, जमादार," ती म्हणाली. "उशिरा का होईना, वाचा फुटली तुले. पण त्याच्यावानी नाही रे जमत."

"नाही जमत, म्हातारे," देवमन म्हणाला.

देवमनने खिशावर तळहात ठेवला. फोन तापला होता, सुरू होता. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होते. गाडी निघाली. पाठीमागे आसन संपले होते आणि तेथे बसायला जागा नव्हती. तरी देवमन थोडा पुढे सरकला, आणि स्टेशनाच्या वळणापर्यंत तसाच, जागा सोडून बसला.